साडेअकरा व्होल्ट

दिवसभर हिरवा दिवा, आणि रात्री दोनला
इन्व्हर्टर किंचाळतो, म्हणाल्या येनूबाई.
"काऊन असं करून राहिला हा?"

मीटर लावलं. साडेअकरा.
टर्मिनलवरची बुरशी गरम पाण्यानं उतरवली,
नट आवळला.
पाणी कोणतं टाकता?
"बोअरचंच. पाणी ते पाणी."
यावर मी काही बोलले नाही.

शिडी. मे महिन्यातला पत्रा, चप्पल चिकटते.
पॅनेलवर बोट फिरवलं,
बोट करडं.
समोर कोराडीची धुराडी.
तिथून निघालेल्या तारा या घरावरून
न थांबता नागपुरात जातात.
थांबते ती राख.

ओलं फडकं, पण पहाटेच,
तापल्या काचेवर पाणी नको, एवढं शिकवलं.
सहातलं एक घर मरायला टेकलंय
हे सांगायचं राहिलं होतं.
आधी चहा झाला.

"नवी केवढ्याची?" त्यांनीच विचारलं.
मी आकडा सांगितला.
त्या बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिल्या.
"दोन वाजतपर्यंत तर चालते नं?
पोरगी एकपर्यंतच वाचते."

पाना पिशवीत टाकला.
जाताना बझरची तार तेवढी
सोडवून दिली.