कांद्यांचं वजन

सांतियागोच्या मंडईत बॅग भरली :
तीन किलो तांदूळ, मसूर, ट्यूनाचे सात डबे,
आणि कांदे.
एकावर एक दोन स्वेटर अंगातच चढवले
कांद्यांना जागा व्हावी म्हणून.

पाच तास खाली नुसतं पाणी.

हांगा रोआच्या दुकानात एक टोमॅटो उचलला,
किंमत वाचली, आणि परत ठेवला
झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा.

तंबू मेराहीबाईंच्या परसात, पेरूखाली,
पहाटे तीनपासून कोंबडे.
दिवे लागताना वहीत हिशेब :
सायकल नको. गाईड परवा बघू. कॉफी नाहीच.
दगडी पुरुष लांबूनच पाहिले, फुकटात.
समुद्राकडे पाठ करून उभे,
उधारी बुडवलेल्या गिऱ्हाइकासारखे.

चौथ्या दिवशी बाई स्टोव्हपाशी येऊन थबकल्या.
तव्याकडे नाही, पिशवीकडे बघत म्हणाल्या,
‘जहाज अडलंय. तीन आठवडे झाले.
एखादा विकतोस?’

मी, पै पै मोजणारा, सगळी पिशवीच पुढे केली.
त्यांनी चारच घेतले, दाबून दाबून.
तीन चिरले. डोळ्यांत पाणी आलं तर हसल्या,
‘आलं बाई एकदाचं.’
चौथा खिडकीत, पाण्याच्या पेल्यावर, कोंब फुटायला.

रात्री त्यांचा भाचा तेआऊ दारात,
खांद्यावर अख्खा ट्यूना,
अजून ओला, माझ्या पायाएवढा.

डबे मी स्वेटरखाली सरकवले.
सातही परत आणले.