केसपेपर

कॉलर काढून खिशात ठेवली ती परतवाड्याच्या स्टँडवर.
प्लास्टिकची पट्टी, घामाने कडेला पिवळी पडलेली.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, व्यवसाय?
मी म्हणालो, शिक्षक.
तेही खोटं नाही. वसतिगृहातली अठ्ठावन्न पोरं,
त्यांचे दाखले, त्यांची खरूज,
जळालेली बोअरची मोटर, तांदळाचा हिशेब,
पाच गावं, एक मोटारसायकल
आणि रविवारी सगळीकडे तेच प्रवचन,
पाचव्या गावाला पोचेस्तोवर
ज्याचा तोंडात चोथा होतो.

झोप लागते. उठवत नाही.
नाताळात गव्हाणी मांडली,
बाळ ठेवायला विसरलो.
पोरं हसली, मीही हसलो,
मग खोलीत येऊन तासभर
शर्टाचं एक बटण काढता येईना.

बिशपांना लिहिलं, प्रकृती बरी नाही.
उत्तर आलं प्रेमाचं:
काळजी घ्या, मार्चअखेर ऑडिट आहे.

आणि परवा वेदीवर
हे माझे शरीर आहे, एवढंच म्हणायचं होतं.
हात वर. ओस्ती वर.
शब्द नाही.
बाहेर कुणाचं तरी बकरू ओरडत होतं.
म्हातारा भुरा जांभेकर गुडघ्यांवर थांबून राहिला,
त्याला वाटलं,
फादर आज जरा जास्तच देवाजवळ गेलेत.

बाकावर फुलवंती कासदेकर.
पळून जाता आलं असतं, पण जिना तिच्याच बाजूला.
बाळ गेलं तेव्हा ही आली होती माझ्या ओसरीवर.
म्हणाली होती, आत सगळं सुन्न हाय, फादर.
मी तिला एक जपमाळ दिली होती,
आणि घड्याळ पाहिलं होतं.

तिच्या केसपेपरचे कोपरे मऊ झालेत,
म्हणजे ती केव्हापासून येते इथे,
दीडशे किलोमीटर, घाट उतरून.

पिशवी मांडीवर घेऊन तिने जागा केली.
माझा नंबर वाचला.
"एकेचाळीस? दोन वाजतीन. इकडं सरका, पंख्याखाली."
कशासाठी आलात, विचारलं नाही.
थोड्या वेळाने, समोरच्या भिंतीकडे बघत,
"पयले पंधरा दिवस तोंड लय कोरडं पडते.
पाणी पेत जा. गोळी सोडू नोका."

शिपायाने दारातून हाक मारली,
"इशिधर तुस्कान कोण हाय?"
मी तसाच बसून.
मग तिचं कोपर लागलं, हळूच.
"तुमालेच बलावून रायला, फादर."