कलेत पारंगत

बोरा बाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
मी दुसऱ्यांच्या डोक्यातल्या गोष्टींना नंबर घालते.
काळी शाई, सावली नाही, माणूस तर नाहीच.
हात दाखवायचाच झाला तर तुटक रेषेत,
म्हणजे हा शोधाचा भाग नव्हे.

सोमवारी झडप होती. दहा बॉडी, बारा स्प्रिंग,
चौदा ते सील, जे कधीच गळणार नाही.
(कागदावर कुठलंच गळत नाही.)
बुधवारी वांद्र्याच्या काचेच्या इमारतीतून
निवृत्तीच्या नियोजनाची एक पद्धत आली.
नुसते चौकोन आणि बाण.
एकशे दोन: ग्राहकाचं वय घ्या.
एकशे चार: किती जगेल त्याचा अंदाज काढा.
एकशे सहा हा शंकरपाळा, त्यात प्रश्न: पुरेल का?
'हो' सरळ खाली. 'नाही' उजवीकडून वळसा घेऊन
परत एकशे दोनवर.
मी पट्टी धरून तो बाण नीट काढला.
वय घ्या. पुन्हा वय घ्या.

विश्राम पांचाळ आले खैरानी रोडवरच्या गाळ्यातून,
पेपरात गुंडाळलेला बिडाचा तुकडा घेऊन.
लेथवर वेडावाकडा जॉब धरायची पकड.
माझ्या टेबलाच्या कडेला लावून दाखवली,
डाव्या हाताने, एका झटक्यात.
उजव्याची तर्जनी दुसऱ्या पेरापाशी संपत होती.
मी विचारलं नाही.
'शहाण्णव साली,' ते म्हणाले, 'जुन्या पकडीत दिली,'
गणपतीची वर्गणी दिल्यासारखं.

मग शंकरपाळ्यावर वाकून हसले.
'याचं पेटंट? हे तर आमची मंडळी
दर एक तारखेला काढते, पाठकोऱ्या कागदावर.'

आकृती तीनमध्ये पकडीवर हात काढला, तुटक.
त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.
'एक बोट जास्त झालंय.'
ब्लेडने खरवडलं. कागद तिथे जरा पातळ झाला.

दीड वर्षाने अँटॉप हिलहून पत्र आलं.
मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं:
सदर शोध, या कलेत पारंगत असलेल्या व्यक्तीस,
सहज सुचण्याजोगा आहे.
'कोण ही व्यक्ती?'
कायद्यातली, मी म्हटलं. खरी नाही.
तिने सगळं वाचलेलं असतं,
जर्मनीतली एकसष्टची पकड, जपानमधली त्र्याऐंशीची,
फक्त नवीन काही सुचत नाही तिला.
'कुठल्या गाळ्यात काम करते?'
मी हसले. ते हसले नाहीत.
'पारंगत म्हणजे मीच की. चौतीस वर्षं.
आणि सहजच सुचलं, खोटं कशाला बोलू.
एका रविवारी लाइट गेली होती,
बसलो होतो, सुचलं.
पण त्या रविवारपर्यंत पोचायला
एकोणीस वर्षं लागली, आणि हे,'
आणि बोट दाखवलं, जेवढं होतं तेवढं.

चौकोनांचं पत्रही त्याच आठवड्यात आलं:
ही धंद्याची रीत, शोध नव्हे.
त्यांनी आणखी चार चौकोन पाठवले, एक सर्व्हर, एक ढग.
ढग काढायला मला आवडतो.

उत्तराचे कागद न्यायला आले तेव्हा
विश्राम दारापाशी घुटमळले.
'मिळालं तर किती वर्षं?'
अर्जापासून वीस.
'आणि पुढे?'
पुढे ती कुणीही बनवावी.
'मग एक सांगतो, एजंटना बोलू नका.
अर्जाच्या आधीपासूनच
गल्लीत नऊ मशीनवर बसवलीय.'
मला पेन खाली ठेवावं लागलं.
हे कळलं तर अर्ज गेला, पांचाळ.
'गेला तर गेला.
नऊ जण, नव्वद बोटं.
परवाच मोजून आलोय.'

मी कुणाला बोलले नाही.
पुढच्या महिन्यात एका पंपाला नंबर घालताना
अठ्ठ्याऐंशीनंतर थेट ब्याण्णव घातला.
एजंटने पेन्सिलने गोल केला: मधला कुठे?
चूक झाली, म्हटलं,
आणि तसाच राहू दिला.