दोन डाव्या पंखांचं विमान

आमच्याकडे खोकं कधी आलंच नाही.
खोक्यावरचं ते चित्र, ढगांवर तिरपं झालेलं विमान
आणि खाली निळसर, कुठलाच नसलेला देश,
ते दुकानाच्या काचेमागे. दुसऱ्या मुलांचं.
आमच्याकडे यायचा वर्तमानपत्रात गुंडाळलेला सांगाडा,
सहा डिसेंबरच्या पहाटे, दाराबाहेर पुसून ठेवलेल्या बुटातून
गळ्यापर्यंत वर आलेला.

संत निकोलस आणतो, आई म्हणायची.
मग निकोलसच्या हाताला
इर्मट्राउट मावशीच्या साबणाचा वास कसा?
फोल्कमार विचारायचा, आणि आई
चुलीत कोळसा घालायला उठायची.

मावशी कारखान्यात होती, पॅकिंगला.
दिवसभर तिच्यासमोरून विमानं सरकत जायची
सुट्या भागांची, पांढरी, काडीकाडीला लटकलेली,
जेवून झाल्यावर ताटात उरलेल्या माशाच्या काट्यासारखी.
एखादं चाक कमी भरलं, शेपूट वाकडं निघालं
की बाजूला काढायचं.
बाजूला काढलेलं सगळं पुन्हा वितळायला जायचं.
सगळं म्हणजे, जवळजवळ.

शाळेत बोलायचं नाही, एवढाच नियम.

स्वयंपाकघरातलं टेबल, नखं कापायची कात्री,
गोंदाची ट्यूब, तिचा तो डोक्यात चढणारा गोड वास,
बाहेर उणे दहा असताना आईने उघडलेली खिडकी.
माझा अंगठा एकदा खिडक्यांच्या पारदर्शक पट्टीवर उमटला
तो कायमचाच. त्या विमानातून बघणाऱ्यांना
जन्मभर धुकंच दिसलं असणार.

शंभरास एक, बाबांनी मोजून सांगितलं:
म्हणजे माणूस पावणेदोन सेंटीमीटर.
मी काड्यापेटीतल्या काड्या तोडून माणसं केली,
गुलाची टोकं वर, म्हणजे सगळ्यांना केस.
आई, बाबा, मावशी, शेजारचे हिंके आजोबा.
फोल्कमार वैमानिक. तो गावं पुकारायचा:
प्राग. बुडापेस्ट. बुर्गास.
आणि दिवा घालवल्यावर, अगदी हळू, लिस्बन,
कारण ॲटलासमध्ये त्या पानाला कधी कुणी हात लावलेला नव्हता.

त्र्याऐंशी साली आले दोन डावे पंख.
मावशी काकडीच्या लोणच्याची बरणी द्यायला आली तेव्हा
तिने टेबलाकडे पाहिलं, आणि तिचे कान लाल झाले.
आम्ही एक पंख उलटा करून लावला.
एक इंजिन पोटाखाली, दुसरं पाठीवर.
बाबा म्हणाले, हे उडेल, पण गोल गोल.
गळाच्या दोऱ्याने ते माझ्या पलंगावर टांगलं
आणि चूल तापली की खरंच फिरायचं,
सावकाश, कुठेही न जाता.

कारखान्याच्या जागी आता गाड्यांच्या टायरचं दुकान आहे.
ते विमान घर बदलताना हरवलं,
की मीच टाकलं; दोन्ही आठवतात.
तेव्हापासून किती वेळा उडाले, मोजलं नाही.
खिडकीची जागा मागते, आणि आधी
इंजिन पंखाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघते.

हॅलिफॅक्सहून फोनवर फोल्कमार म्हणतो:
उजवे होते. दोन्ही उजवे.
मी म्हणते, डावे.
तो म्हणतो, मी चिकटवले ना!
चिकटवले मी. तो ट्यूब धरून होता.

मागच्या रविवारी मावशीकडे गेले, वृद्धाश्रमात.
एकोणनव्वद वर्षांची; मला कधी ओळखते,
कधी नर्स समजते. विचारलं,
मावशी, ती विमानं, तू आणायचीस ना?
तिने आधी दाराकडे पाहिलं.
मग आवाज खाली घेऊन म्हणाली,
मी कधी काही बाजूला काढलं नाही.
निकोलसने आणलं असेल.
आणि तिची बोटं पांघरुणावर
काहीतरी बारीकसं, चिमटीत धरून,
पिरगळून, काडीपासून सोडवत राहिली.

डावे की उजवे, ते विचारायचं राहूनच गेलं.