नंतरचा पाय

गेंटमध्ये, कालव्याकाठच्या जुन्या सूतगिरणीत
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी लिलाव असतो.
त्याआधीचे दहा दिवस मी वस्तूंखाली असते,
पाठीवर झोपून, दातांत टॉर्च धरून
खुर्च्यांची पोटं वाचत.

माझं काम दोन ओळींचं.
लाकूड, काळ, उंची, रुंदी, आणि मग उणीदुणी:
कडेला टवका. आरसा नंतरचा. किडीची जुनी भोकं.
चित्र असेल तर, फ्लेमिश घराणं, चित्रकार अज्ञात,
डाव्या कोपऱ्यात दुरुस्ती.
त्या कोपऱ्यात आधी काय होतं, कुत्रं की मूल,
हे विचारायला दोन ओळींत जागा नसते.

लॉट एकशे अठरा.
मेज, अक्रोडाचं, लिएज, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध.
तीन पाय मूळचे. एक पाय नंतरचा.
त्या एका पायाने हजारभर युरो खाल्ले होते.

बुधवारी, वस्तू बघायच्या दिवशी, म्हातारा आला,
ओडिलोन फरस्टिखेल, कोटाची सगळी बटणं लावलेला.
कॅटलॉग उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं:
"नंतरचा म्हणजे कशानंतरचा?"

मला नीट कळेना. गेंटची जुनी बोली,
शब्दांची शेपटं गिळणारी.
मग तो पुस्तकी भाषेत, सावकाश, पुन्हा बोलला.
नदी घरात आली त्या वर्षी
मेज तीन दिवस पाण्यात उभं होतं. एक पाय कुजला.
अंगणातलं पेअरचं झाड त्याच पुरात आडवं झालं.
मी तेवीस वर्षांचा. सुतार नव्हे, पोस्टात कारकून.
पहिला पाय आखूड झाला. दुसरा चिरला. तिसरा हा.
मार्सेला म्हणाली, लंगडत नाही आता,
फक्त जरा मुरडून उभं राहतं.
धाकटा चालायला शिकला तो ह्यालाच धरून.
"बाकीचे तीन आमच्या आधीचे," तो म्हणाला,
"हा तर आमच्या वेळचा."

मी म्हटलं, छापून झालंय.
ते खरं होतं. आणि कारण ते नव्हतं.
पायाच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूला,
जिथे फक्त माझा टॉर्च पोचतो,
पेन्सिलीने लिहिलेलं मी आधीच वाचलं होतं:
मा.साठी, फेब्रुवारी, तिसरा प्रयत्न.
दोन ओळींत बसलं नसतं.
बसलं असतं तरी गाळलं असतं.

गुरुवारी बोली लागली.
आठशे. साडेआठशे. फोनवरून कुणी नऊशे.
हीही एक बोलीच: भुवई, पेन्सिल, हनुवटी,
आणि इंगेबोर्गला व्यासपीठावरून सगळं ऐकू येतं.
म्हातारा शेवटच्या रांगेत,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून,
विकणाऱ्याला हात वर करता येत नाही म्हणून.

चौदाशे पन्नास. एकवार.
दोनवार म्हणायच्या आधी इंगेबोर्ग एक श्वास घेते,
हिशेबाने घेतलेला,
त्यात कधी कधी शे-दोनशे युरो सापडतात.
त्या श्वासात मी मागे वळून पाहिलं.
तो मेजाकडे पाहतच नव्हता.
माझ्याकडे पाहत होता.
तीनवार.

सभागृह रिकामं झालं, त्याचा पाय निघेना.
मी कागद चाळत राहिले, कुठलेतरी.

अँटवर्पचा व्यापारी पैसे भरायला आला.
माल चांगला आहे, म्हणाला,
माझ्याकडे त्याच काळातले सुटे पाय पडलेत,
चौथा बदलून टाकतो, मग ती ओळ लिहायला नको.
काढलेल्या पायाचं काय करता, मी विचारलं.
"शेकोटी," तो म्हणाला आणि हसला,
गमतीत म्हणाला असेल.
मी त्याला माझा पत्ता दिला, टपालखर्च आगाऊ.

दोन महिन्यांनी आज पोस्टाची चिठ्ठी आली:
लांबट पार्सल, सही करून न्यावे.
आणलंय. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवलंय.
ओडिलोनला अजून कळवलेलं नाही.
न्यायचा तर काय म्हणून न्यायचा?
सवयीने वही उघडली.
पेअरचं लाकूड. उंची एकाहत्तर सेंटिमीटर.
खाली थोडा मुरडलेला.
बाकीचं मेज गहाळ.