मंगळवारची नोंद

मंगळवारी, सकाळी सात ते नऊ.
त्यानंतर पॉलिहाऊसमध्ये टेप हातात तापतो,
चष्म्यावर वाफ धरते,
आणि तीनाचे आठ दिसू लागतात.

अडावदच्या शिवारात चहूकडे केळी,
मधोमध आमचा हा दुधी प्लास्टिकचा डबा.
पलीकडचे गोबा आप्पा बांधावरून विचारतात,
"मोजीसन का झाडे वाढतस व माय?"
मी म्हटलं, नाही आप्पा,
पण मोजल्याशिवाय वाढली ते कळत नाही.
हे मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

वीस झाडं. प्रत्येकाला पिवळी पट्टी.
मागच्या मंगळवारी शेंडा होता तिथे
मार्करची काळी रेघ.
रेघेपासून आजच्या शेंड्यापर्यंत जे काही, ती वाढ.
रेघेपाशी खोडाची जाडी, व्हर्नियरने, न दाबता.
पानं किती, घोस कितवा, फूल कुठवर आलं.
बोटांना हिरवट काळा चीक बसतो,
साबणाला दाद देत नाही,
दुपारी कळण्याच्या भाकरीलाही त्याचाच वास.

सुकलाल पावरा तारेवरची दोरी हातभर सोडतो
आणि झाड तेवढं खाली येतं.
शेंडा कायम तारेखाली वीतभर.
जुनं खोड वाफ्यावर आडवं, वेटोळं घालून.
साहेब पाहुण्यांना सांगतात, साडेपाच मीटरचं झाड आहे.
पाहुणे वर बघतात.
लांबी त्यांच्या बुटांपाशी पडलेली असते.

अकराव्या आठवड्यात मी आलेच नव्हते.

बहिणीचं बाळंतपण, शिरपूर, सोमवारची शेवटची एसटी.
दवाखान्याच्या बाकावर बुधवारी रजिस्टर उघडलं
आणि वीस झाडं डोळे मिटून मोजली.
एकोणीस. साडेवीस. अठरा.
थोडं वरखाली केलं, खरं वाटावं म्हणून.
चौदा नंबरला साडेवीस दिले,
ते माझं आवडतं झाड होतं.
आतल्या खोलीत नर्स भाचीला तोलत होती.
काटा थांबेना. पोर रडत होती.
नर्सने तिला उचललं, गप्प केलं,
पुन्हा ठेवलं.

साहेब म्हणाले, या आठवड्याचा आलेख बघा,
किती सरळ आलाय.

पुढच्या मंगळवारी चौदाला शेंडाच नव्हता.
रेघेच्या वर बोटभर खोड, आणि वाळलेला घाव.
"दोरी सोडताना गेला, ताई," सुकलाल म्हणाला,
"कटकन वाजलं. गेल्या सोमवारची गोष्ट.
दुसऱ्या दिवशी सांगणार होतो.
तुम्ही नव्हत्या."
एवढंच म्हणाला. रजिस्टरकडे बघितलंही नाही.
बगलेतले फुटवे दर आठवड्याला तोच खुडतो,
चौदाचा एक त्याने ठेवला होता.

मी काय काय करू शकले असते!
साडेवीस वाढून मग तुटला, असं लिहिता आलं असतं.
आकडेवारीला ते चाललं असतं.
त्या ओळीकडे मी इतका वेळ बघत बसले
की ठिबकची वेळ झाली,
आणि नळ्यांतून हवा सुटल्याचा आवाज
वाफ्यावाफ्याने माझ्याकडे येत गेला.

खोडायचं नाही, असा नियम आहे.
एकच रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी.
वीस आकड्यांवरून वीस रेघा ओढल्या.
शेऱ्यात लिहिलं: मोजणी झाली नाही. मी गैरहजर.
खाली सही, आजची तारीख.
साहेब संध्याकाळी येतील तेव्हा येतील.

मग चौदा.
शेंडा तुटला. फुटव्यास शेंडा मानले.
सुकलालने पान बाजूला धरलं.
टेप लावला: सव्वाचार.
परत लावला.
चार.
चार लिहिलं.