ओल

वर्नर कांगस, वय एक्क्याऐंशी, गॅरेजचं शटर वर करतो
आणि बाजूला सरकतो,
डॉक्टरसमोर पाठ उघडी करावी तसा.

आत कोब्याला पोपडे धरलेत.
ट्रक उभा राहतो तिथे चार उघडे चौकोन.
गरम टायरनी रंग उचलून नेलाय,
दुधावरची साय बोटाने उचलावी तसा.

"सेलमध्ये घेतले दोन डबे.
वर लिहिलं होतं, शनिवार-रविवारचं काम."
मी गप्प.
डुलूथच्या निम्म्या गॅरेजांत
मी हेच शनिवार-रविवार खरवडत आलोय.
हात दाखवून अवलक्षण, आणि त्याच अवलक्षणावर
माझ्या घरची चूल.
(माझ्या स्वतःच्या गॅरेजात अजून नुसता कोबा आहे,
तेलाच्या डागांसकट. वेळ कुणाला?)

आकडा सांगितला. अठ्ठावीसशे डॉलर.
त्याने चष्मा काढला, पुसला, घातला.
"कर."

दिवसभर ग्राइंडर. हिऱ्याचे दात, धुळीचं पोतं.
तो दारात खुर्ची टाकून बसलेला, कानांत बोळे.
मधेच हात वर करतो, मी मशीन थांबवतो.
"तेल मी तीनदा घासलं होतं.
आम्ल ओतलं, धुतलं, गुडघ्यांवर बसून.
भेगा भरल्या आयलाच्या केकच्या सुरीने.
ती असती तर सुरीसाठी ओरडली असती."
मी मशीन सुरू करतो.
पुन्हा हात वर.
"मग चुकलं कुठे?"

संध्याकाळी घासलेल्या कोब्यावर
प्लास्टिकचा तुकडा चिकटवला, चारी कडांना टेप.
सकाळी उचलून त्याला दाखवला.
आतून घामेजलेला.

"खालून ओल येते. टेकडीचं पाणी आहे,
सरोवराकडे निघालेलं, तुमच्या घराखालून जातं.
तुमच्या हाताची खोट नव्हती."

बत्तीस वर्षं लोहखनिजाच्या बोटींवर काढलेला माणूस
त्या थेंबांकडे बघत राहिला.
"म्हणजे पाणीच," म्हणाला, "घरी आलो तरी."

ओल अडवणारा थर आधी. मग राखाडी.
दारालगत दीड फूट उरलं तेव्हा तो उठला.
"एवढं मी मारू?"

विम्याचा विचार आला. गॅरंटीचा आला.
मग मी खिळ्यांचे बूट काढून त्याच्या पायांत बांधले.
ओल्या रंगात तो बगळ्यासारखा चालला,
रोलर थरथरत, पट्टीची कड वाकडी.
मी हात लावला नाही. फार कठीण गेलं ते.

गॅरंटीच्या कागदावर हाताने लिहिलं:
दारालगतची दीड फूट पट्टी सोडून.
त्याने वाचलं, पेन मागून घेतलं,
खाली जोडलं: ती माझी. व. कांगस.

मार्च संपता संपता फोन.
रस्त्यावरचं मीठ, चिखल, बर्फाचं पाणी, सगळं
ट्रकसोबत पाच महिने आत येऊन गेलेलं.
"माझी पट्टी शाबूत आहे," म्हणाला.
"तुझ्या भागाचं तू येऊन बघ.
कॉफी ठेवतो."